जुनी अमेरिकन घोड्याची दुनळी : ओळख आणि काळ ठरवण्याची रीत

अमेरिकेतल्या लहान गावांत जुन्या वस्तूंची दुकाने आणि शेतघरांतील सामानाचे लिलाव पाहत फिरणाऱ्या माणसाला एक वस्तू वारंवार भेटते. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, लाकडी दस्ता हाताळून काळवंडलेला आणि मागच्या बाजूला सांबराच्या कानांसारखे दोन घोडे, म्हणजे चाप दाबताच आदळणारे हातोडे, उभे, अशी ती दुनळी बंदूक असते. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर सहसा एखादे भारदस्त इंग्रजी नाव आणि अंदाजाने टाकलेले साल लिहिलेले असते. यांपैकी बऱ्याच चिठ्ठ्या चुकीच्या असतात. विकणाऱ्याने फसवायचे ठरवलेले असते म्हणून नव्हे, तर त्याने बंदुकीवरचे सर्वांत ठळक नाव वाचून तेवढ्यावरच विश्वास ठेवलेला असतो म्हणून. हा लेख या छंदात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे आणि त्यातला मुख्य आग्रह एकच आहे : बंदुकीच्या अंगावरचे नाव सर्वांत शेवटी वाचावे आणि तिच्या पोटाखालच्या खुणा सर्वांत आधी वाचाव्यात.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या सुमारे पन्नास वर्षांत ही बंदूक अमेरिकन शेतकऱ्याच्या घरातली रोजच्या वापराची वस्तू होती. कनेक्टिकट, न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतल्या कारखान्यांनी ती बनवली, तर बेल्जियममधील लिएज शहरातून ती प्रचंड संख्येने आयात झाली. शहरातला घाऊक व्यापारी, गावातला लोखंडी सामानाचा दुकानदार आणि टपालाने माल पाठवणारी मोठी दुकाने यांनी तिच्यावर आपल्याला हवी ती नावे घालून घेतली. नावांचा गोंधळ तिथून सुरू झाला, आणि म्हणूनच नाव हा इथे सर्वांत कच्चा साक्षीदार ठरतो.

पहिले काम : बंदूक रिकामी आहे याची खात्री

ही पायरी कोणत्याही कारणाने वगळू नये. बंदूक हातात घेताच नळ्यांचे तोंड सुरक्षित दिशेला धरावे, बोटे चापापासून दूर ठेवावीत, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांत मागून पाहावे आणि शक्य असल्यास बोटानेही चाचपावे. शंभर वर्षे माळ्यावर पडलेल्या बंदुकीत काडतूस राहून गेल्याची उदाहरणे आहेत. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असेल तर धोका अधिक, कारण ती मागून उघडतच नाही आणि आतली दारू बाहेरून दिसत नाही. अशा वेळी एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडावी, तोंडापाशी तिच्यावर खूण करावी आणि मग तीच काठी नळीला बाहेरून लावून, खूण तोंडाशी ठेवून, तिचे टोक निपलपर्यंत, म्हणजे घोड्याखाली ठिणगीची टोपी बसते त्या बोंडापर्यंत, पोहोचते का ते पाहावे. काठी दोन-तीन इंच आधीच अडत असेल तर आत काहीतरी आहे असे समजून बंदूक जाणकार कारागिराकडे न्यावी. स्वतः खरवडून काढायचा प्रयत्न करू नये.

दुसरी सवय घोड्यांची. घोडे ओढून रिकामेच सोडू नयेत. जुन्या कमानी आणि फायरिंग पिना ठिसूळ झालेल्या असतात, आणि एकदा तुटलेली कमान तशीच मिळत नाही. हाताशी भिंग, विजेरी, मोजपट्टी, मऊ फडके, वही आणि पेन्सिल असली की पुरे. पॉलिश, सँडपेपर आणि लोखंडी ब्रश यांना या खोलीत जागा नाही, कारण पुढे ज्या खुणा वाचायच्या आहेत त्या सर्व या तीन गोष्टींनी पुसल्या जातात.

उघडण्याची तऱ्हा

बंदूक कशी उघडते, हे पाहताच तिच्या काळाचा पहिला ढोबळ अंदाज येतो. घोडा निपलवर आदळत असेल आणि नळ्या मागून बंद असतील तर ती ठासणीची, म्हणजे साधारणपणे काडतुसांच्या आधीच्या पिढीची. मात्र गरीब घरांत आणि दुर्गम भागांत अशा बंदुका नंतरही बराच काळ विकल्या गेल्या. घोडा एका छोट्या पिनेवर आदळत असेल आणि नळ्या मागून उघडत असतील तर ती मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांची बंदूक, आणि या लेखाचा विषय तीच आहे.

कनेक्टिकटमधील मेरिडनच्या पार्कर ब्रदर्स या कारखान्याच्या आरंभीच्या बंदुका उघडण्यासाठी चापाच्या कड्याच्या पुढे असलेले एक बटण खालून वर दाबावे लागते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्याने अंगठ्याने बाजूला सरकवायचा वरचा खटका आणला. त्यामुळे पार्करवर खालचे बटण दिसले की आपण बहुतेक १८६० च्या दशकाचा शेवट ते १८८० च्या दशकाची सुरुवात या पट्ट्यात आहोत, असे धरता येते. न्यू यॉर्क राज्यातील इलियनच्या रेमिंग्टनच्या १८७० च्या दशकातील दुनळ्यांवर वरचा खटका आहे, पण तो बाजूला सरकवायचा नसून वर उचलायचा आहे. विल्यम बेकर या कल्पक कारागिराच्या १८७० च्या दशकातील रचनेत तर पुढचा चाप पुढे ढकलला की बंदूक उघडते. अनोळखी माणूस तिचा खटका शोधत बसतो आणि तो त्याच्या बोटाखालीच असतो. बाजूला सरकणारा वरचा खटका मात्र १८८० नंतर जवळजवळ सर्वांनीच स्वीकारला, त्यामुळे तो दिसला म्हणून काळ फारसा आकुंचित होत नाही.

घोड्यांकडेही इथेच पाहून घ्यावे. सुरुवातीच्या बंदुकांत घोडा पडला की तो पिनेवर दाबूनच राहतो, पिनेचे टोक काडतुसाच्या टोपीत रुतते आणि घोडा अर्धा ओढल्याशिवाय बंदूक नीट उघडत नाही. पुढे घोडा आदळून स्वतःच किंचित मागे सरकेल अशी रचना आली. इंग्लंडमध्ये जॉन स्टँटन यांनी १८६७ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १८७० व १८८० च्या दशकांत ती सर्वत्र रुळली. नेम धरताना नजरेच्या रेषेत उंच येणारे घोडे जुन्या धाटणीचे, तर नजरेखाली राहणारे बुटके घोडे नंतरचे, हा नियम सरसकट नसला तरी उपयोगी आहे.

नळ्या काढून पोट पाहणे

आता खरे काम. नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढावे. जुन्या बंदुकांत ते एका आडव्या पाचरीने अडकवलेले असते आणि ती बाजूने हलकेच ढकलून काढावी लागते; नंतरच्या बंदुकांत ते कमानीच्या जोरावर बसवलेले असते किंवा त्याला छोटा खटका असतो. लाकूड निघाले की बंदूक उघडून नळ्या आकड्यावरून, म्हणजे बिजागरीच्या हुकावरून, उचलून घ्याव्यात. बहुतेक दुनळ्यांचे इथे तीन भाग होतात : नळ्या, पुढचे लाकूड, आणि ॲक्शनसह, म्हणजे घोडे व चाप असलेल्या मधल्या लोखंडी भागासह, दस्ता.

नळ्या उलट्या करून मागच्या टोकाला पाहिले की दोन सपाट पट्ट्या दिसतात, आणि ॲक्शनवर त्या जिथे टेकतात तिथेही तशाच दोन पट्ट्या असतात. बाहेरच्या जगाचा हात, घाम आणि पॉलिश इथे पोहोचलेले नसते. मी पहिल्यांदा विकत घेतलेल्या दुनळीच्या लॉकप्लेटवर, म्हणजे घोड्याची यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पट्टीवर, ‘रिचर्ड्स’ असे सुबक कोरलेले होते आणि दुकानातल्या चिठ्ठीवर ती नामांकित इंग्लिश घराण्याची असल्याचे लिहिले होते. घरी आणून नळ्या काढल्या, सपाट पट्टीवरची मेणासारखी साचलेली तेलाची पुटे फडक्याने पुसली, आणि विजेरी तिरपी धरल्यावर एक लहानशी लंबगोलाकृती खूण उठून आली. तिच्यात ‘इ एल जी’ ही रोमन अक्षरे होती आणि डोक्यावर मुकुट होता. ती बंदूक लिएजची होती, इंग्लंडशी तिचा काही संबंध नव्हता, आणि इंग्लिश घराण्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घालून अमेरिकेत पाठवलेल्या हजारो बेल्जियन बंदुकांपैकी ती एक होती. दुकानात फक्त दोन मिनिटे मागून मी नळ्या काढल्या असत्या, तर हे तिथेच कळले असते.

या खुणांचे व्याकरण थोडक्यात असे. अमेरिकेत नळ्यांची सरकारी चाचणी घेणारी संस्था कधीच नव्हती, त्यामुळे अस्सल अमेरिकन दुनळीवर कारखान्याचे आकडे व अक्षरे असतात, पण राजमुद्रेसारखी चाचणीची खूण नसते. लंबगोलातली ‘इ एल जी’ अक्षरे म्हणजे लिएज. या लंबगोलावर मुकुट १८९३ मध्ये आला, म्हणून मुकुट नसेल तर त्याआधीची आणि असेल तर त्यानंतरची चाचणी. लिएजच्या दगडी स्तंभाची छोटी आकृती हीही बेल्जियमचीच खूण. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड दिसले तर बर्मिंगहॅम. इंग्लिश नळीवर ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द असतील तर ती १८७५ ते १८८७ या काळातली, तोंडाशी आवळलेली, म्हणजे चोक केलेली नळी आहे. आणखी एक खूण आयातकायद्याची आहे. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानुसार १८९१ पासून परदेशी मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले, त्यामुळे नळीवर ‘बेल्जियम’ हा शब्द स्पष्ट उमटवलेला असेल तर बंदूक बहुधा त्यानंतरच अमेरिकेत उतरली आहे.

इथे नवखा माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. अनेक प्रतिष्ठित अमेरिकन कारखाने पिळाच्या पोलादाच्या, म्हणजे पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या, कच्च्या नळ्या बेल्जियममधून आणत आणि बाकीची बंदूक आपल्याकडे बनवत. त्यामुळे एखाद्या अमेरिकन बंदुकीच्या नळीवर कच्च्या मालाची एखादी बेल्जियन खूण सापडू शकते. अशा वेळी ॲक्शन पाहावी : नळीवर आणि ॲक्शनवर एकाच कारखान्याची रचना, एकच क्रमांक आणि एकाच हाताचे काम दिसत असेल तर बंदूक अमेरिकन आहे, पूर्ण चाचणीच्या खुणांची रांगच्या रांग दिसत असेल तर ती आयात केलेली आहे.

नाव, पत्ता आणि ते कधी बदलले

पोट वाचून झाले की मग नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचे आणि लॉकप्लेटवरचे नाव वाचावे. पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता, अगदी ‘कंपनी’, ‘अँड सन्स’, ‘आर्म्स’ हे शब्दही जसेच्या तसे, वहीत उतरवून घ्यावेत, कारण कंपन्यांची नावे बदलली ती वर्षे ठाऊक आहेत आणि तीच आपल्याला तारखा देतात.

रेमिंग्टन हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. पट्टीवर ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ असेल तर बंदूक १८८८ पूर्वीची. दिवाळखोरीनंतर त्या वर्षी कंपनीची मालकी बदलली आणि पुढच्या मालावर ‘रेमिंग्टन आर्म्स कंपनी’ आले. एल. सी. स्मिथ या नावाची कथा अधिक रंजक आहे. लायमन कॉर्नेलियस स्मिथ यांनी सिराक्यूज शहरात बंदुका बनवल्या. त्यांच्याकडचा कारागीर अलेक्झांडर ब्राउन याने तिथल्या दुनळीची मजबूत कुलूपरचना शोधली आणि पुढे त्यानेच टंकलेखन यंत्रही रचले. स्मिथ यांनी मग बंदुकांचा धंदा विकून टंकलेखन यंत्रांकडे मोर्चा वळवला. खरेदीदार हंटर बंधूंनी कारखाना फुल्टनला नेला आणि बंदुकीचे नाव मात्र एल. सी. स्मिथच ठेवले. त्यामुळे लॉकप्लेटवरचे नाव दोन्ही काळांत सारखेच आहे, पण पट्टीवर सिराक्यूज असेल तर १८८० च्या दशकाची आणि हंटर आर्म्स, फुल्टन असेल तर साधारण १८९० पासून पुढची, असा फरक करता येतो. विल्यम बेकरही याच परिसरात वावरला : आधी स्मिथ यांच्याबरोबर, नंतर १८८३ मध्ये सुरू झालेल्या इथाका गन कंपनीत, आणि शेवटी बेकर या नावाने निघालेल्या बंदुकांच्या मागे. म्हणून या तीन घराण्यांच्या जुन्या बंदुका शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात भावंडांसारखे साम्य दिसते.

मॅसॅच्युसेट्सच्या चिकोपी फॉल्समधील स्टीव्हन्स कंपनीच्या नावात १८८६ ते १९१६ या काळात ‘आर्म्स अँड टूल’ हे शब्द होते, नंतर ‘टूल’ गळले. वूस्टरच्या कारखान्याच्या बाबतीत ‘फोरहँड अँड वॉड्सवर्थ’ असेल तर १८७१ ते १८९०, आणि ‘फोरहँड आर्म्स’ असेल तर १८९० ते १९०२. कोल्टची घोड्यांची दुनळी १८७८ या नमुन्याची आहे. हार्टफर्डला ती १८७८ ते १८८९ इतकीच वर्षे बनली आणि तिची एकूण संख्या सुमारे २२,७०० आहे, त्यामुळे ती ओळखता आली की काळाचे काम जवळजवळ झालेच. आणि कुणी ए. एच. फॉक्सची घोड्यांची दुनळी म्हणून काही दाखवले तर पुढे जावे; त्या कारखान्याच्या दुनळ्या बिनघोड्याच्याच आहेत.

बाजारात सर्वांत जास्त दिसणारी जात मात्र यांपैकी कोणतीच नसते. कनेक्टिकटच्या नॉर्विच गावात १८९२-९३ च्या सुमारास क्रेसेंट फायर आर्म्स कंपनी सुरू झाली आणि लवकरच न्यू यॉर्कच्या फॉल्सम या व्यापारी घराण्याकडे गेली. तिने स्वस्त, साध्या घोड्यांच्या दुनळ्या बनवून त्यांच्यावर गिऱ्हाईक दुकानाला हवे ते नाव घालून दिले. अशी शंभराहून अधिक नावे आहेत. ‘अमेरिकन गन कंपनी’, ‘निकरबॉकर’, ‘पीअरलेस’ ही त्यांतली वारंवार भेटणारी. नाव कुठल्याच निर्मात्यांच्या यादीत सापडत नाही, चाचणीची खूण नाही, काम साधे आहे आणि लॉकप्लेटवर साच्याने ठोकलेले कुत्रे किंवा पक्षी आहेत, असे असेल तर क्रेसेंटचा विचार सर्वांत आधी करावा. अशा बंदुकीला लोक तुच्छ लेखतात ते मला पटत नाही. शेतावर खऱ्या अर्थाने राबली ती हीच, आणि तिच्यावरचे दुकानाचे नाव शोधत गेले की एखाद्या गावाच्या बाजारपेठेचा इतिहास हाती लागतो.

क्रमांक आणि पेटंटच्या तारखा

अमेरिकेत बंदुकीवर क्रमांक घालणे १९६८ च्या कायद्याने सक्तीचे झाले. त्याआधी चांगले कारखाने तो स्वतःहून घालत आणि स्वस्त बंदुकांवर तो नसे किंवा केवळ जुळणीचा आकडा असे. पार्करचा क्रमांक चापाच्या कड्यामागच्या लोखंडी पट्टीवर तसेच नळ्यांच्या आणि ॲक्शनच्या पोटाशी असतो. तो सर्व भागांवर एकच आहे ना, हे तपासावे. वेगळा असेल तर नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत. नळ्यांखालच्या उंचवट्यावर एखादाच सुटा आकडा दिसला तर तो अनुक्रमांक नसून ॲक्शनच्या आकारमानाचा आकडा असतो, आणि नवशिके तो क्रमांक समजून चुकतात.

क्रमांक हाती आला की पत्राने विचारणा करता येते. एल. सी. स्मिथच्या कारखान्याच्या नोंदी वायोमिंग राज्यातल्या कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात आहेत. पार्करच्या उरलेल्या नोंदींवरून पार्कर संग्राहकांची संघटना पत्र देते, आणि कोल्ट कंपनी स्वतःच्या दफ्तरातून देते. अशा पत्रासाठी शुल्क पडते, पण बंदूक कोणत्या दिवशी, कुणाकडे आणि कोणत्या नळ्यांसह रवाना झाली हे त्यात मिळू शकते, आणि त्यापुढे आपला कोणताही तर्क टिकत नाही.

पेटंटच्या तारखा क्रमांकाइतक्या नेमक्या नसल्या तरी फार कामाच्या आहेत. पार्करच्या जुन्या बंदुकांवर १३ नोव्हेंबर १८६६ ही तारीख दिसते. रेमिंग्टनच्या दुनळ्यांवर व्हिटमोर यांच्या पेटंटच्या ८ ऑगस्ट १८७१ आणि १६ एप्रिल १८७२ या तारखा दिसतात. अनेकजण ही तारीख म्हणजे बंदुकीचे जन्मसाल समजतात. तसे नाही, ती फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. कित्येक तारखा पुढे वीस वर्षे ठोकल्या गेल्या. झिजलेली तारीख वाचताना एक जुनी युक्ती वापरावी : अमेरिकेत पेटंट मंगळवारीच दिले जाते. वर दिलेल्या तिन्ही तारखा मंगळवारच्या आहेत. आपण वाचलेली तारीख पंचांगात बुधवारी येत असेल तर आपण ३ आणि ८ यांत किंवा १ आणि ७ यांत गल्लत केली आहे, असे समजून पुन्हा भिंग लावावे.

नळ्यांचे पोलाद

जुन्या दुनळीच्या नळीवर लाटांसारखी, गोगलगाईच्या शंखासारखी किंवा तिरप्या पट्ट्यांसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एका सळईभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून एकजीव केल्या की तिरप्या पट्ट्यांची साधी पिळाची नळी तयार होते. त्याच पट्ट्या आधी दोरीसारख्या पिळून मग गुंडाळल्या की दमास्कस म्हणून ओळखली जाणारी दाट नक्षी उमटते. धूरविरहित दारू १८९० च्या दशकात पसरू लागली तसे एकसंध पोलादाच्या नळ्यांचे प्रमाण वाढले आणि ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने लिएज घेतल्यावर बेल्जियन नळ्यांचा ओघ थांबला. म्हणून घोड्यांची दुनळी असूनही नळ्या एकसंध पोलादाच्या असतील तर ती बहुधा १८९० नंतरची, आणि अनेकदा विसाव्या शतकातली असते.

स्वस्त बंदुकांवर ही नक्षी खोटीही असते, म्हणजे साध्या पोलादावर आम्लाने किंवा रंगाने उमटवलेली. ती ओळखायला पुढचे लाकूड काढून त्याखालचा भाग पाहावा. खरी नक्षी तिथे, सपाट पट्ट्यांपर्यंत, मंद का होईना पण सलग जाते. खोटी नक्षी लाकडाच्या कडेपाशी संपते किंवा घासलेल्या जागी एकदम नाहीशी होते. नळ्या सुट्या असताना आणखी एक परीक्षा करून घ्यावी. खालच्या हुकात दोरी अडकवून नळ्या अधांतरी धराव्यात आणि बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारावी. देवळातल्या लहान घंटेसारखा लांब नाद आला तर मधल्या पट्ट्या घट्ट आहेत. फुटक्या मडक्यासारखा बसका आवाज आला तर त्यांना जोडणारा डाक, म्हणजे झाळ, सुटला आहे.

नळ्यांची लांबीही मोजावी. मूळ लांबी साधारणपणे २८, ३० किंवा ३२ इंच असते. कुणीतरी नंतर कापलेल्या नळ्या तोंडापाशी ओळखू येतात : मूळ तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकतात, कापलेल्या ठिकाणी त्यांच्या मध्ये फट राहते. बारा बोरची बंदूक असेल तर अमेरिकन दहा सेंटचे नाणे तोंडाशी धरून पाहावे. त्याचा व्यास १७.९ मिलिमीटर आणि बारा बोरचा १८.५ मिलिमीटर, नाणे अडकले तर चोक शाबूत आहे, आत गेले तर चोक कमी आहे, मुळातच नाही किंवा कापला गेला आहे. चोकची पद्धत १८७० च्या दशकात रुळली, त्यामुळे त्याआधीच्या बंदुकीत नाणे आत गेले म्हणून शंका घेऊ नये. आखूड नळ्यांवर टपालगाडीच्या पहाऱ्याच्या कंपन्यांचे, विशेषतः वेल्स फार्गोचे, ठसे दिसले तर मात्र जरूर शंका घ्यावी, कारण असे खोटे ठसे ठोकण्याचा धंदा जुना आहे.

उडवणे आणि कायदा

अशी बंदूक उडवून पाहू नये, हे माझे ठाम मत आहे. पिळाच्या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या आहेत आणि त्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय जुन्या बारा बोरच्या नळीतली काडतुसाची जागा बरेचदा २ ५/८ इंचांची किंवा त्याहून थोडी कमी असते, तर आजचे साधे काडतूस २ ३/४ इंचांचे असते. ते आत सहज बसते, पण सुटताना उलगडायला त्याला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ज्यांना उडवायचीच आहे त्यांनी जुन्या दुनळ्यांच्या कारागिराकडून भिंतीची जाडी मोजून घ्यावी आणि तो सांगेल तेच ऐकावे.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ साली किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुरातन धरली जाते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. नळ्या १८ इंचांपेक्षा आखूड कापलेल्या असतील आणि त्या बोरची काडतुसे आजही सहज मिळत असतील तर बंदूक १८९८ पूर्वीची असूनही १९३४ च्या कडक कायद्याखाली येऊ शकते, म्हणून अशी वस्तू वकिलाला विचारल्याशिवाय उचलू नये. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. तिथे फक्त जुनी असणे पुरेसे नाही. दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही अशाच पुरातन शस्त्राला सूट आहे. त्यामुळे अमेरिकेत घेतलेली दुनळी सामानात घालून गावी नेण्याचा विचारही करू नये. ज्यांच्या कोकणातल्या किंवा देशावरच्या घरी आजोबांच्या परवान्यावरची घोड्यांची दुनळी आहे, त्यांनी वारसाचा परवाना नीट करून घ्यावा आणि मग, कारागिरासमोर, नळ्यांचे पोट जरूर पाहावे. ती अमेरिकन निघण्याची शक्यता कमी आहे, पण लंबगोल किंवा राजदंड सापडण्याची बरीच आहे.

नोंद कशी लिहावी

शेवटी प्रत्येक बंदुकीची नोंद लिहावी आणि तिच्यात एकच साल न टाकता दोन टोके आणि त्यांची कारणे द्यावीत. माझ्याकडच्या एका दुनळीची नोंद अशी आहे. चाचणीची खूण कुठेही नाही, म्हणून अमेरिकन. पट्टीवर रेमिंग्टन आर्म्स कंपनी, इलियन, म्हणून १८८८ नंतरची. वरचा खटका बाजूला सरकणारा आणि घोडे आदळून मागे येणारे. रचनेवरून १८८९ चा नमुना, जो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत होता. नळ्यांवर खरी दमास्कस नक्षी, लाकडाखालीही सलग. बारा बोर, ३० इंच, तोंडाशी नळ्या टेकलेल्या, दोन्ही तोंडांत नाणे अडकते. नळ्या आणि ॲक्शन यांवर क्रमांक एकच. यावरून काळ १८८९ ते साधारण १९०८. १८९८ ची कायद्याची रेषा या दोन टोकांच्या मधूनच जाते, म्हणून क्रमांकावरून नेमके वर्ष लागेपर्यंत मी ती पुरातन धरलेली नाही आणि साध्या बंदुकीला लागू असलेले सर्व नियम पाळूनच कपाटात ठेवली आहे.